पट्टा मिळाला, पण सातबारा कोराच

सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे गावाचा जंगलावरचा हक्क मान्य केल्याचा सरकारी कागद, हातात पडला की गावाला वाटतं, काम फत्ते झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम होतो, फोटो निघतात, पट्ट्याला लॅमिनेशन होतं आणि तो समाजमंदिराच्या कपाटात जाऊन बसतो. आमचाही तसाच बसला होता. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. त्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली आणि नियम 12क मध्ये नववा पोटनियम आला. त्यात सरळ म्हटलंय की हक्क मान्य झाल्यावर महसूल आणि वन या दोन्ही खात्यांनी अंतिम नकाशा करायचा आणि ते हक्क आपापल्या अभिलेखात नोंदवायचे. मुदत तीन महिने, राज्याच्या कायद्यात त्याहून कमी असेल तर तेवढी. आमचे तीन महिने केव्हाच उलटून गेले होते. ना खात्यांना त्याची आठवण, ना गावाला.

मी आमच्या ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीत कागदपत्रं सांभाळतो. गाव पूर्व विदर्भातलं, वस्ती बहुतेक गोंडांची, थोडी इतरांची. आमच्या हक्कक्षेत्रात तीन प्रकारची जमीन येते. थोडं राखीव वन, बरंचसं संरक्षित वन आणि गावालगतचे झुडपी जंगलाचे, म्हणजे खुरट्या झुडपांच्या सरकारी जमिनीचे गट. राखीव आणि संरक्षित वनाचा हिशेब वनखातं कक्ष (जंगलाचे पाडलेले भाग) क्रमांकाने ठेवतं, झुडपीचा हिशेब महसूल खातं गट क्रमांकाने ठेवतं. पुढे जे काही रामायण झालं ते या दोन हिशेबांचा मेळ बसवताना झालं.

आम्हाला जाग आली ती एका सकाळी रस्त्याकडच्या झुडपी गटात मोजणी चालू असलेली दिसली तेव्हा. काही माणसं सौर पॅनल लावायला सरकारी जागा बघत होती. गुराख्याने निरोप आणला, आम्ही चारपाच जण गेलो, पट्ट्याची झेरॉक्स दाखवली. त्यांच्यातल्या पोराने मोबाइलवर त्या गटाचा सातबारा उघडून आमच्यापुढे धरला. कब्जेदाराच्या जागी सरकार, झुडपी जंगल अशी नोंद, आणि इतर हक्काचा रकाना रिकामा. "भाऊ, आमाले तर इथं काईच दिसत नाई," तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? शेतकरी सातबारा कोरा व्हावा म्हणून मोर्चे काढतो, आमचा होता तोच कोरा होता आणि तेच आमचं दुखणं होतं.

पट्ट्यावर तिघांच्या सह्या असतात. जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी. जिल्ह्यातल्या तीन मोठ्या साहेबांनी सह्या केल्यावर खालचे कागद आपोआप फिरतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण सही होते जिल्ह्याला आणि फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांची, नोंदवही असते साझ्यावर, पटवाऱ्याकडे. मधल्या पायऱ्यांवर कुणीतरी कागद उचलून पुढे द्यावा लागतो. तो कुणी उचललेला नव्हता.

मग ग्रामसभा घेतली. हक्कांबाबतच्या ठरावाला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, हा कोरम आम्ही याही सभेला पाळला, उद्या कुणी ठरावालाच आव्हान देऊ नये म्हणून. सभेत खरा वाद झाला तो नोंद कुठल्या रकान्यात मागायची यावर. तरण्या पोरांचं म्हणणं, कब्जेदार म्हणून ग्रामसभेचं नाव लावा, सरकार खोडा. ऐकायला झकास. पण कायदा तसं सांगत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(झ) प्रमाणे गावाला मिळतो तो जंगल राखण्याचा, जोपासण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. जमिनीची मालकी हलत नाही, वन हे वनच राहतं. कब्जेदाराचा रकाना मागितला असता तर तेवढ्या एका मुद्द्यावर अर्ज फेटाळायला कारण मिळालं असतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की इतर हक्काचा रकाना कमी प्रतीचा नाही. जमिनीचं काही करायचं म्हटलं की अधिकारी आधी तोच रकाना बघतो. रात्री उशिरापर्यंत बोलाचाली झाली, शेवटी इतर हक्कावर एकमत झालं.

ठरावात नाव कसं लिहायचं यावर मात्र आम्ही अडून बसलो. ग्रामसभा, पुढे गावाचं नाव. ग्रामपंचायत नाही. आमची गटग्रामपंचायत आहे, तिच्यात आणखी दोन गावं येतात आणि सरपंच दुसऱ्या गावचे. पट्टा आमच्या गावाच्या ग्रामसभेला मिळालाय, गटग्रामपंचायतीला नाही. हा फरक तहसिलीत समजावताना तोंडाला फेस येतो. तिथे सार्वजनिक म्हणजे ग्रामपंचायत हे समीकरण पक्कं आहे.

अर्ज केला तहसीलदारांना, प्रत उपवनसंरक्षकांना, प्रत प्रकल्प अधिकाऱ्यांना. सोबत पट्ट्याची साक्षांकित प्रत, पट्ट्याबरोबरचा नकाशा, ठराव, सगळ्या गटांचे चालू सातबारे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली. हे काम कंटाळवाणं आहे, पण ज्यांना कुणाला हे करायचंय त्यांनी इथे अजिबात ढिलाई करू नये. पुढे फाइल सापडत नाही असं ऐकायला मिळालं तेव्हा आम्ही शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवली आणि फाइल तासाभरात सापडली.

सुरुवातीला टोलवाटोलवी झाली, ती व्हायचीच. तहसिलीतले बाबू म्हणाले, जंगलाचं आहे, वनखात्यात जा. वनखात्यातले म्हणाले, सातबारा महसूलचा, आमचा काय संबंध. आमचे पटवारी साहेब भले माणूस. (कागदोपत्री त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही.) त्यांनी संगणक उघडून आम्हालाच विचारलं, "काकाजी, फेरफाराचा प्रकार कोणता टाकू? खरेदी नाही, वारस नाही, बक्षीसपत्र नाही, बोजा नाही." त्यांनी स्वतः वरच्यांना विचारून मार्ग काढला. तहसीलदारांनी पट्ट्याच्या आधारे लेखी आदेश द्यायचा, आणि आदेशावरून फेरफार घ्यायचा. म्हणजे आता पहिल्यांदा आदेश मिळवायचा होता.

आदेशाचा मसुदा टाइप करायला बसले आणि क्षेत्राचा घोळ उघडा पडला. पट्ट्यामागे एक तक्ता आहे. त्यात वनकक्षांचे क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टरमध्ये. आम्ही तो कधी नीट बेरीज करून बघितलाच नव्हता, बघायचं कारणच पडलं नव्हतं. पटवाऱ्यांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ती पट्ट्याच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी जुळेना. फरक थोडाथोडका नाही, चांगला पंधरावीस हेक्टरचा. शोधता शोधता कळलं की तीन ठिकाणी पाणी मुरत होतं. एका झुडपी गटाचं क्षेत्र जुन्या कागदावरून एकरात उचललं होतं आणि वर शीर्षक हेक्टरचं. एका गटाचे पोटहिस्से झाले होते, तक्त्यात मूळ क्रमांकच होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका कक्षापुढे कंसात 'भाग' एवढंच लिहिलेलं. कक्षाचा भाग, पण कोणता भाग, किती भाग? नाल्याच्या अलीकडचा की पलीकडचा? दावा करताना जे सोबत फिरले होते त्यांना ते पाठ होतं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही.

वनखात्याकडे वेगळंच. कार्य आयोजना, म्हणजे त्यांचा जंगलाच्या कामांचा आराखडा, नवी झाली तेव्हा काही कक्षांच्या हद्दी आणि क्रमांक बदलले होते. पट्ट्यावरचा क्रमांक जुना, त्यांच्या भिंतीवरच्या नकाशातला नवा. वनरक्षक, ज्याला आमच्याकडे नाकेदार म्हणतात, तो नवीन पोरगा. त्याला जुना क्रमांक ठाऊक नाही. जुना नाकेदार रिटायर होऊन शेजारच्या तालुक्यात राहतो, त्यांना फोन लावला तर त्यांनी कोणता कक्ष कोणत्या नाल्यापाशी संपतो ते पुढ्यात नकाशा असल्यासारखं सांगितलं. वनखात्यातली ही माहिती अशी माणसांच्या डोक्यात असते आणि माणसाच्या बदलीबरोबर जाते.

शेवटी संयुक्त फेरी ठरली. पटवारी, नाकेदार, राउंड ऑफिसर, भूमी अभिलेखचे भूमापक, आमची समिती, आणि शिवेला शिव लागून असलेल्या गावांची माणसं. उन्हाळा निवडला, कारण पानझड झाल्यावर जंगलात लांबवर दिसतं. हातातल्या जीपीएसवर वळणावळणाला बिंदू घेत गेलो. 'भाग'चा निकाल तिथे लागला. आमच्या गावची एक म्हातारी बाई, नवरा गेल्यावरही वर्षानुवर्षं मोह वेचायला एकटी जाणारी, ती पुढे चालत होती. नाल्याच्या एका वळणावर ती थांबली आणि काठीने दाखवलं की इथपर्यंतची मोहाची झाडं आपली, पुढची त्यांची, आणि या एका झाडाखाली दोन्ही गावं वेचतात. शेजारच्या गावच्या दोन बायांनी माना डोलावल्या. भूमापकाने तिथे बिंदू घेतला, पंचनाम्यात ते झाड लिहिलं. राउंड ऑफिसर म्हणाले की वनखात्याचा चुना मारलेला सीमेचा दगड तिथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे दोन्ही रेषा जवळजवळ एकच. जवळजवळ, असं त्यांनीच दोनदा म्हटलं.

दुरुस्त तक्ता आणि नकाशा घेऊन प्रकरण पुन्हा जिल्हास्तरीय समितीपुढे गेलं, शुद्धिपत्रक निघालं. इथे मधले महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. निवडणुकीची आचारसंहिता, एका साहेबांची बदली, धान खरेदीचा हंगाम. नेहमीचंच.

आदेश झाला, पटवाऱ्यांनी फेरफार घेतला. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे त्याची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. आम्ही निर्धास्त होतो. तेराव्या की चौदाव्या दिवशी हरकत आली, तीही फेरीत सोबत चाललेल्या शेजारच्याच गावाकडून.

आधी राग आला. मग त्यांच्याकडे जाऊन बसलो तेव्हा त्यांची भीती कळली. त्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हद्दीतल्या तळ्यावर पाण्याला येतात, पावसाळ्यात आमच्या झुडपीत चरतात. सातबाऱ्यावर आमच्या ग्रामसभेचं नाव चढलं की उद्या आम्ही त्यांना अडवू, दंड लावू, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. खरं सांगायचं तर आमच्याकडेही तसं बोलणारी दोन तोंडं होती, त्यामुळे भीती अगदीच हवेतली नव्हती.

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 साली गेली. त्यानंतर या भागात गावोगावची निस्तार पत्रकं, म्हणजे गावाच्या वापरहक्कांची यादी, तयार झाली, आणि पुढे 1966 च्या जमीन महसूल संहितेतही कलम 161 पासून निस्तार पत्रकाची तरतूद आली. कोणत्या गावाने जळाऊ लाकूड कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, काटेकुटे कुठून न्यायचे, मसनवट कुठे, ढोरफोडीची जागा कुठे, सगळं त्यात असतं. आमच्या दाव्याला आम्ही आमच्या गावचं पत्रक पुरावा म्हणून जोडलं होतं. आता अभिलेख कक्षातून शेजारच्या गावच्या पत्रकाची नक्कल काढली. कागद इतका जीर्ण की घडीवर अक्षरं उडालेली. पण चराईच्या ओळीत आमच्या मौजाचं नाव स्पष्ट होतं. म्हणजे त्यांचा वापर हा आमचा मोठेपणा नव्हता, तो लिहिलेला हक्क होता.

दोन गावांच्या हद्दीत असा पेच आला तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर तपासावा, लेखी निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यावा, आणि तरीही मिटलं नाही तर उपविभागीय समितीकडे जावं, असं वनहक्क नियमांतल्या नियम 12 मध्येच आहे. तहसिलीतली सुनावणी लागायच्या आधी आम्ही तेच केलं. त्यांच्या गोटूलाच्या, म्हणजे गोंडांच्या सामूहिक घराच्या, ओट्यावर बसलो. त्यांच्या गावचा भूमक (गावपुजारी) आणि आमचे जुने गावपाटील दोघांनी बोलणी आपल्या हातात घेतली, तेव्हा आम्ही लिहिणारी पोरं गप्प बसलो. ठरलं ते असं: पाणी आणि चराई त्यांची कायम, तेंदू आणि बांबूचा लिलाव आमच्या हद्दीत आमचा, कोवळ्या बांबूच्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या भागात) दोन्ही गावांची गुरं बंद. हे दोन्ही ग्रामसभांच्या ठरावात लिहिलं, आणि आमच्या फेरफारातही शेजारच्या गावाचा पाणी व चराईचा वापर निस्तारप्रमाणे कायम, असं वाक्य घालून घेतलं. हरकतदारांनी सुनावणीला येऊन हरकत मागे घेतली. मला वाटतं या सगळ्या खटाटोपात गावाच्या उपयोगाचं सगळ्यात मोठं काम हेच झालं. नुसता पट्टा कपाटात राहिला असता तर हा वाद कधीतरी काठ्या घेऊनच झाला असता.

मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. आम्ही लगेच सेतूवर जाऊन सातबारे काढले. इतर हक्कात नोंद होती, फेरफार क्रमांक होता, वाक्यही होतं. आणि नाव होतं: ग्रामपंचायत. तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. आदेशात ग्रामसभा, फेरफारात ग्रामसभा, सातबाऱ्यावर चढवताना सवयीने ग्रामपंचायत. सुदैवाने ही चूक लेखनातली होती, मूळ आदेश बरोबर होता, म्हणून महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज चालला. मूळ आदेशातच चुकलं असतं तर अपिलात जावं लागलं असतं. आदेशाची प्रत हातात पडल्या पडल्या नाव आणि गट क्रमांक बोट ठेवून वाचायचे, ही सवय आता आमच्या समितीत सगळ्यांना लागलीय.

दुरुस्त सातबारा मिळाल्यावर त्याच्या प्रती आम्ही ग्रामपंचायतीला, सौरवाल्यांना आणि तहसिलीतल्या जमीन शाखेला नेऊन दिल्या. मोजलेल्या गटाचं प्रकरण पुढे सरकलं नाही. तेंदूच्या हंगामात ठेकेदारही आता हद्दीवरून घासाघीस करत नाही, करारनाम्याला नकाशा आणि सातबारे जोडले की बोलणं भावावर येतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना 2009 साली देशात सगळ्यांत आधी असे हक्क मिळाले, तरी मेंढ्याला स्वतःचा बांबू बाहेर काढायला वाहतूक परवान्यासाठी 2011 पर्यंत झगडावं लागलं. 2012 च्या दुरुस्तीने परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्याच समितीकडे आलं. आमच्या परवान्यावर आता गट आणि कक्ष दोन्ही क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे नाक्यावर गाडी अडली तरी फोनवर मिटतं.

वनखात्याची बाजू अजून अर्धी आहे. संरक्षित वनाच्या कक्षांच्या इतिहास-फाइलींत आमच्या पट्ट्याची नोंद झाली, ती पानं आम्ही बघून आलो. राखीव वनाच्या कक्षाबद्दल मात्र उत्तर येतं की पुढच्या कार्य आयोजनेत घेऊ. नियमात पुढच्या आयोजनेचा उल्लेख कुठेच नाही, तीन महिन्यांचा आहे. ग्रामसभेने ठराव करून वनहक्क कायद्याच्या कलम 8 प्रमाणे राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला साठ दिवसांची नोटीस द्यायची असं ठरवलंय. त्या नोटिशीचा मसुदा सध्या माझ्याकडे आहे. उपवनसंरक्षकांनी एकदा समक्ष बोलायला बोलावलंय, तेव्हा आधी तिथे जाऊन येऊ, मग पाठवू. पोटहिस्से पडलेल्या गटाची मोजणीही बाकी आहे. तिची फी कुणी भरायची यावर भूमी अभिलेख आणि तहसील यांचा पत्रव्यवहार चाललाय, आणि त्याची माहितीसाठी म्हणून एक प्रत दरवेळी आमच्याकडे येते.